रक्ताच्या नात्यात कुणाला

अकोला
९ डिसेंबर २०२५

प्रिय ललिता,

अनेक आशीर्वाद. गोपालचा खोकला थांबला असेल, आचलची परीक्षा नीट गेली असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. इकडे थंडी पडली आहे. शेजारच्या गोदावरीबाईंनी काल तुरीच्या ओल्या शेंगा उकडून दिल्या. पण एकटीने खायच्या म्हटलं की अर्ध्या वाटीतच पोट भरतं.

नणंदेचं पत्र पाहून तू चपापली असशील. नऊ वर्षांत साधा फोन नाही आणि आता टपालाने लिफाफा! फोन केला असता, पण तू उचलला असतास तर 'हॅलो'च्या पुढे मला काय सुचलं असतं, देव जाणे. गोपालला सांगावं तर तो वर्षातून एकदा भाऊबीजेला येणार, अर्धा तास बसणार आणि बसची वेळ झाली म्हणून उठणार. यंदाची भाऊबीज तर होऊनही गेली. शिवाय माझं काम तुझ्याकडेच आहे.

तर बातमी अशी की माझी शुगर काही केल्या उतरत नाही आणि वजन काही केल्या थांबत नाही. निवृत्त झाल्यापासून गुडघे इतके वाजतात की घरात तेवढाच आवाज. मी अश्लेषाकडे दाखवते. माझी जुनी विद्यार्थिनी, गणितात कच्ची होती, आता चांगली डॉक्टर झाली आहे. ती म्हणाली, "बाई, आठवड्यातून एकदा पोटावर टोचून घ्यायचं इंजेक्शन आहे. पेप्टाइडचं औषध आहे ते. शुगर उतरते, वजनही उतरतं. पण ते सरसकट देत नाहीत. तुम्ही त्यात बसता का ते आधी पाहू." आणि चार पानांचा फॉर्म हातात दिला.

इतका आनंद झाला होता मला! पुन्हा गच्चीवर चढेन, धामणगावच्या माहेरच्या घरी एकदा जाऊन येईन, काय काय मनात आलं. वय, उंची, पित्ताशय, स्वादुपिंड, सगळं भराभर लिहिलं. 'घरी सोबत कोण असतं' यापुढे रेघ ओढली. तिसऱ्या पानावर मात्र अडले. रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का? असल्यास कोणत्या प्रकारचा?

काउंटरवरची वर्षाली म्हणे, "काकू, 'नाही' लिवून टाका ना. कोन पाहून राह्यलं?" मी पेन टेकवलंही होतं.

ललिता, आईला नेमकं काय झालं होतं?

पोटच्या पोरीने सुनेला हे विचारावं, यात काय ते आलं. 'गळ्याची गाठ' एवढंच आपण लोकांना सांगायचो. आजाराचं नाव घेतलं की तो घरात ठाण मांडतो, हे लहानपणापासून ऐकत आलेले. नागपूरला आईला तू आणि गोपाल न्यायचे. मी शाळेचं निमित्त सांगायचे. रजा भरपूर शिल्लक होती, ललिता. तिथे कुणी त्या आजाराचं नाव माझ्यासमोर उच्चारेल, याचीच मला भीती वाटायची.

आई गेल्याचा तिसरा दिवस तुला आठवत असेलच. राख सावडायला निघताना आजारपणाचं सगळं घराबाहेर काढून जाळायचं, ही आपल्या घरची रीत. अंथरूण गेलं, औषधं गेली. फाईल तू छातीशी धरून उभी होतीस. "ताई, हे राहू द्या. पुढं पोराईले लागली तं?" एवढंच म्हणालीस. आणि मी भरल्या अंगणात, पाहुण्यांच्या देखत, ती तुझ्या हातून ओढली. "आमच्या घरचा आजार तुले कायले जपून ठेवाचा आहे? तू काई आमच्या रक्ताची नाईस!" फाईल मीच आगीत टाकली. प्लास्टिकचं कव्हर जळायला किती वेळ लागला. तू आत गेलीस, आचलला उठवलंस आणि दुपारच्या गाडीने अमरावतीला निघून गेलीस.

तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. हे तेव्हाच कळलं होतं, संध्याकाळपर्यंतसुद्धा वाट पाहावी लागली नाही. पण मोठेपणा आडवा आला आणि मग वर्षं जात राहिली.

फॉर्मवर मी 'माहीत नाही' लिहिलं. अश्लेषाने माझा गळा चाचपला, रक्त घेतलं, सोनोग्राफीला पाठवलं. म्हणाली, "आईंचा आजार एका विशिष्ट प्रकारचा असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही. तो प्रकार कधी कधी घराण्यात उतरतो. बाई, भावाला सांगितलंत ना?" मी हो म्हणाले. खोटं बोलले. त्याला आज अकरा दिवस झाले. तुला सांगायचं म्हणजे आधी त्या अंगणात परत जाऊन उभं राहावं लागणार होतं, म्हणून मी हे अकरा दिवस घालवले. तुझ्या लेकीचे होते ते.

रिपोर्ट परवा आला. रक्तातला, त्या आजाराची खूण सांगणारा आकडा हवा त्याच्या कितीतरी वर आहे, आणि गळ्यात हरभऱ्याएवढी गाठ आहे. सुईची तपासणी अजून व्हायची आहे, पक्कं काही नाही. इंजेक्शनात मी बसत नाही, एवढं मात्र ठरलं.

नागपूरच्या कागदांतलं तुला जे आठवत असेल ते कळव, अश्लेषाला उपयोग होईल. पण त्यासाठी थांबू नकोस. आधी आचल आणि गोपाल, दोघांना डॉक्टरांकडे ने. याच आठवड्यात. आचलला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता रस्त्यात भेटली तर ओळखूही येणार नाही, आणि तिला असं काही माझ्याकडून कळावं!

माझ्या सगळ्या रिपोर्टांच्या झेरॉक्स सोबत आहेत. रक्ताच्या नात्यात कुणाला, असं तिथेही विचारतील. गोपाल कचरेल, 'कशाला लिहायचं' म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. आचलच्या कागदावर आत्या म्हणून माझं नाव आजारासकट लिही. तुमच्या घरात माझं नाव निघावं असं मी दुसरं काहीच ठेवलेलं नाही.

तुझी नणंद,
शकुन