चेअरमनचा कोट वाळेपर्यंत

चि. सोन्यास,

ताईचे आशीर्वाद. (पेन्शनीत गेलास, डोक्यावर केस उरला नाही, तरी मी तुला दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही.) तुझं पित्त आणि वहिनीचे गुडघे आता कसे आहेत? तिला म्हणावं, जिने चढू नकोस. आणि तू अधूनमधून आरामखुर्चीतून ऊठ. माझी तब्येत उत्तम आहे. रागाने रक्ताभिसरण सुधारतं असं माझं मत होत चाललं आहे, आणि सध्या मी सकाळ-संध्याकाळ रागावलेली असते.

झालं असं की आपल्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणाला आणि त्याचा उद्या काही उजाडेना. शेवटी चादरींचं गाठोडं उचलून मी गिरणीमागच्या सार्वजनिक धुणंघरात गेले. (तू तिथे कधी पाऊल टाकलं नाहीस. मीही नव्हतं टाकलं. आपले कपडे जायचे, आपण नाही.) लांबच लांब दगडी हौद, दोन्ही बाजूंना उतरते कट्टे, कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा अवाढव्य बंब, आणि छताला वाफेने धरलेला हिरवा थर. गिरणीच्या बायकांसाठी बांधलेलं हे घर गिरणी बंद पडल्यावरही चालू राहिलं, कारण मागच्या गल्लीतल्या एकेका खोलीत माणसं मावत नाहीत, तिथे मशीन कुठे मावणार? रांग लावते ती एक भक्कम बाई, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. मी नेहमीच्या सवयीने सरळ पुढे गेले, तर कॅप्टन म्हणाली, “आजी, मागे. इथे सगळ्यांच्या चादरी सारख्याच मळतात.” मला ती तत्काळ आवडली.

आणि तिथेच, आतल्या दारावर, वाफेने अर्धी सुटलेली नोटीस होती : इमारत पाडून गाड्या उभ्या करायची जागा होणार, हरकत असल्यास हेरिटेज कमिटीच्या जनसुनावणीत यावं. सुनावणी कामाच्या दिवशी, भर सकाळी, नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट बंद. गल्लीतली जी बाई कामावर जाते ती येऊ शकत नाही, आणि जी जात नाही तिला ते जिने चढवत नाहीत. मी गेले. ‘जनता’ म्हणून तिथे मी होते आणि पाणीपट्टी भरायला आलेला एक गृहस्थ होता, जो पंख्याखाली बसला होता आणि ज्याला उठायचं नव्हतं.

चेअरमनसाहेबांनी (उन्हाळ्यातही कोट) शहरातल्या जपायच्या वास्तूंची यादी दाखवली. गिरणीमालकाचा बंगला, गिरणीमालकाच्या जावयाचा बंगला, गिरणीमालक शिकार करून आल्यावर जिथे विसावा घेई तो मनोरा. गिरणीत काम कोण करत होतं, याचा त्या यादीत मागमूस नाही. मी उभी राहिले. (पाठ ताठ, आवाज स्वच्छ, वाक्य पुरं झाल्याशिवाय खाली बसायचं नाही, हे शाळेत सिस्टरांनी छडीने शिकवलं, उरलेलं टेलिफोन एक्स्चेंजने शिकवलं, जिथे मी भल्याभल्यांची लाइन तोडली आहे.) ते म्हणाले, “बाई, यादीत यायला तिथे एखादं मोठं माणूस येऊन गेलेलं असावं लागतं.” मी म्हटलं, “मोठ्या माणसांचे कपडे आले होते. मळके आले आणि स्वच्छ होऊन गेले. तुमच्या यादीतल्या बाकीच्या वास्तूंबद्दल असं म्हणता येईल का?” पाणीपट्टीवाल्याने टाळी वाजवली. मग मी पुरी कमिटी येत्या रविवारी धुणंघरात पाहणीला येईल, असं कबूल करून घेतल्याशिवाय खाली बसलेच नाही.

आता खरा अनर्थ ऐक. पाहुणे येणार म्हटल्यावर धुणंघरातल्या बायका काय करतील? धुतील! मी रविवारी पोचले तर छताचा हिरवा थर गायब, हौद तारेच्या ब्रशने घासून पांढराफेक, भिंतींना ताजा चुना, आणि बंब असा लखलखीत की कालच दुकानातून आणल्यासारखा. बायका नवऱ्या मुलीच्या आईसारख्या दारात उभ्या. कमिटीच्या तज्ज्ञ बाईंनी मोजमापाची टेप बाहेर काढली आणि परत आत ठेवली. “ह्यात जुनं काय आहे?” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. कॅप्टन गरजली, “म्हणजे घाण ठेवायची होती? आधी सांगायचं!”

चेअरमनसाहेब ‘चला तर मग’ म्हणत वळले, ओल्या चुन्याला घासले आणि कोटाची एक पूर्ण बाजू पांढरी करून बसले. पुढचं इतक्या झटपट झालं की मलाही थांबवता आलं नसतं (थांबवलंही नसतं). कॅप्टनने कोट अंगावरून उतरवला, “साहेब, वाळला तर डाग बसेल,” म्हणत कट्ट्यावर आपटला, आणि साहेब माझी चादर पांघरून बाकावर बसले. कोट वाळेपर्यंत उठायची सोय नाही. नगरपालिकेच्या इतिहासात प्रथमच सुनावणीत काही ऐकलं गेलं.

बायका बोलल्या. संप कुठल्या कट्ट्यावर ठरला, कुणाची सोयरीक कुठल्या हौदावर जुळली, पुराच्या वेळी अख्खी गल्ली बंबाच्या आडोशाला कशी राहिली. तज्ज्ञ बाई भराभर लिहून घेत होत्या. चेअरमन म्हणाले, “पण याची कुठेच नोंद कशी नाही?” कॅप्टन कोट पिळत म्हणाली, “नोंद करायला हात कुणाचे कोरडे होते?”

त्यावर चेअरमनसाहेबांनी चादर सावरून घेतली. निघताना मात्र (कोट दमट होता) दोन गोष्टी कबूल करून गेले : यापुढे सुनावण्या गल्लीतच, संध्याकाळी; आणि कमिटीत गल्लीतली एक बाई. कॅप्टनने होकार दिला आहे, रांगेची शिस्त तीच लावणार या अटीवर. पण यादीत या वर्षी एकच जागा शिल्लक आहे, तिच्यासाठी आधीच एक अर्ज दाखल आहे, आणि यादीत नाही ते पुढच्या महिन्यात पडणार. तरी मी हरणारी नाही. वहिनीला सांभाळ. मुलांना पापा.

तुझी,
ताई

ता. क. तो आधीचा अर्ज तुझा आहे. आपल्या बाबांच्या घरासाठी. ते घर मी राहते म्हणून उभं आहे आणि राहीन तोवर उभं राहील. त्याला पाटी नको, गिलावा हवा. अर्ज तू एकट्याने केलास, पण घर दोघांच्या नावावर, म्हणून तो मागे घ्यायला दोघांच्या सह्या लागतात. सोबतच्या कागदावर माझी झाली आहे. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे तू कर.

ता. क. २. पुरावा म्हणून तू बाबांचा पायरीवरचा फोटो जोडला आहेस. नीट बघ. पायरी तडकलेली आहे, कठडा मोडका आहे. त्यात जपून ठेवण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे बाबांचा पांढराशुभ्र कोट. तो आपल्या घरात धुतला गेला नव्हता.

ता. क. ३. मेकॅनिक शेवटी आला. मशीन कायमचं गेलं म्हणाला. नवीन घेणार नाही. तेव्हा धुणंघर पडलंच, तर मी चादरी घेऊन दर रविवारी तुझ्याकडे येईन आणि त्या वाळेपर्यंत बसेन. तुमच्याकडे ऊन कमी असतं, हे मला ठाऊक आहे.