पाकट, हमिंगबर्ड आणि तुझी झोप

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, बाळाला चार दिवस कुणाकडे सोपवून मी नुसती झोपले तर मी वाईट आई का गं? मी आपलं "छे गं" म्हणून विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना.

आमच्या प्राणिसंग्रहालयात सध्या दोन बाळंतिणी आहेत. टाकीत नदीतली ठिपकेवाली पाकट, म्हणजे स्टिंगरे. थाळीसारखी चपटी. तिने अंडी नाही, थेट पिल्लंच दिली. पोटात असताना त्यांना दुधासारखं काहीतरी पाजलं, पण बाहेर आल्यावर ढुंकूनही बघत नाही. वाळू अंगावर ओढून पडून असते आणि पिल्लं आपापली पोटं भरतात. पलीकडे पक्षीघरात अ‍ॅनाज जातीची हमिंगबर्ड, अंगठ्याएवढी. पिल्लांचा बाबा गायब. घरटं एकटीने बांधलं, दिवसभर एकटीच भरवते. पक्षीघराच्या काकू म्हणतात, "आई म्हणजे ही. तुमचं ते पायपुसणं नुसतं लोळतं." टाकीवाले काका चिडतात. आमचा डबा रोज याच भांडणात संपतो.

मी काकूंच्या पार्टीत होते. काल सकाळी मस्त गारठा होता. बघते तर हमिंगबर्ड घरट्यात फुगून बसलेली, चोच वर, एकदम दगड. मी रडवेली होऊन काकूंकडे पळाले, ती गेली म्हणून. काकू शांतपणे केस बांधत म्हणाल्या, "गेली नाही गं, बंद पडलीये." म्हणजे हे पक्षी रात्री अंग थंड करून, हृदय अगदी मंद करून ताकद वाचवतात. पिल्लं असली की आई शक्यतो तसं करत नाही, त्यांना ऊब हवी असते ना. पण अंगातली चरबी अगदीच संपत आली, की तीही करते. नाहीतर सकाळी भरवायला ती उरणारच नाही. थोड्या वेळाने ती थरथरली, गरम झाली आणि भुर्रकन फुलांवर गेली. पिल्लं मजेत होती.

माणसांना पाखरांचे नियम लावू नयेत, हे मला कळतं. तू पाकट नाहीस, हेही कळतं. पण भावजींची बोट परत यायला अजून वेळ आहे, आणि फोनवर तुझा आवाज मला बरा वाटला नाही.

म्हणून मी रजा टाकलीये. शनिवारी येतेय. आईला सांगितलं नाही, नाहीतर ती पण निघेल आणि तुला झोपेऐवजी सल्ले मिळतील. बाटल्या, डायपर, रडारड, सगळं माझ्याकडे. तू फक्त दार उघड, बाळ माझ्या हातात दे आणि आत जाऊन झोप. मला चहासुद्धा विचारायचा नाही.

तुझीच,
शेंडेफळ