अडतिसाव्या बाईचं वय

बेळगाव,
८ फेब्रुवारी

प्रिय प्रशिक,

जय भीम.

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. वीस वर्षं कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईला एवढा मजकूर टाइप करायला अर्धा तास पुरे. पण सध्या टाइप केलेल्या कागदाची मला शिसारी आली आहे. फोनही मुद्दामच केला नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तू "आक्का, तुला यातलं कळत नाही" म्हणतोस, आणि मीही कळत नसल्यासारखी गप्प बसते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बाहेर पेशंट थांबले असतील तर थांबू देत आणि शेवटपर्यंत वाच.

'घरी सर्व क्षेम' असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. आई क्षेम नाही. गेल्या रविवारी निपाणीला गेले होते. नळापासून दारापर्यंत घागर आणताना ती दोनदा खाली बसली. शालूबाई म्हणजे वखारीतली सगळ्यात चलाख बाई, दोन पोती तंबाखू चाळून झाल्यावरही दुसऱ्यांची थट्टा करायला जिच्याकडे दम उरायचा, तीच ही. आता वाक्य अर्ध्यावर सोडते आणि उरलेलं हातानं सांगते. तू छातीचा डॉक्टर, तुला वेगळं सांगायला नको. आणि तरीही सांगावं लागतंय, याचाच राग आहे.

त्याच्या आधीच्या मंगळवारी प्रियदर्शनी दुकानात आली. तीच ती वकीलबाई, जिचा कामगार कायद्यावरचा प्रबंध मी टाइप केला होता आणि नुसती पानं वाढवली आहेत म्हणून तू जिची टर उडवली होतीस. वखारीतल्या चौदा बायकांचा खटला ती चालवते, आणि त्या चौदांत आपली आई आहे. हे तुला ठाऊक आहे, फक्त तू कधी विचारत नाहीस. मागणं तरी केवढं? चाळणीच्या खोलीत धूळ ओढून घेणारे पंखे बसवा, आणि ज्यांची छाती गेली त्यांच्या औषधपाण्याचं बघा. पंख्याचंही काही आकाशातून मागितलेलं नाही. सांबऱ्याच्या सौम्यानं इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी त्याच वखारीच्या एका कोपऱ्यात महिनाभर पंखा लावून धूळ मोजली होती. निम्म्याहून खाली आली. तोही अहवाल मीच टाइप केला. मालकाच्या वकिलानं यावर उत्तर दाखल केलंय. प्रियदर्शनीनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि नुसतंच म्हणाली, "ताई, शेवटचा कागद बघा."

शेवटचा कागद म्हणजे प्रबंधावरून केलेला तुझा लेख. त्या मासिकात आलेला, जे एकाच अंकात गणित, इंजिनिअरिंग, वैद्यक आणि कायदा असं सगळंच छापतं आणि पहिल्या पानावर त्याची फुशारकी मारतं. छापून आला तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते. आता त्याच्या निष्कर्षाखाली वकिलानं लाल रेघ मारली आहे. एकशेवीस स्त्री-कामगारांच्या तपासणीत तंबाखूची धूळ आणि श्वसनाचे विकार यांत लक्षणीय संबंध आढळला नाही. पुढे वकिलाची मल्लिनाथी अशी, की हे संशोधन बाहेरच्या कुणाचं नाही, याच बायकांच्या गल्लीत वाढलेल्या, वखारीतल्याच एका बाईच्या मुलाचं आहे, तेव्हा त्यावर अविश्वास दाखवायला जागा नाही. जातीनं, गल्लीनं, आईनं तुला जे दिलं ते सगळं त्यानं मालकाच्या बाजूनं उभं केलं. सौम्यानं महिनाभर तिथं बसून, खोकून, धूळ मोजली. तिचा अहवाल तुझ्या एका वाक्याखाली गेला.

एकशेवीस, प्रशिक? मी होते ना रे तुझ्याबरोबर! दर रविवारी बेळगावहून सकाळच्या एसटीनं जायचो. फॉर्म मी भरायचे, कारण तुझं अक्षर तुझं तुलाच लागत नाही. तू ते फुंकायचं यंत्र धरायचास. बायकांनी त्याला फुंकणी नाव ठेवलं होतं. चूल पेटवायची फुंकणी माहीत होती, पण काहीच न पेटवता नुसतं फुंकायचं म्हटल्यावर हसून हसून त्यांना ठसका लागायचा, आणि तू "हसू नका, परत फुंका" म्हणून चिडायचास. मनुबाईनं तीनदा फुंकलं तरी काटा हलेना. "बिघाडलंय बघ तुझं मशीन," म्हणाली. मशीन ठीक होतं. हे तू मला एसटीत बसल्यावर सांगितलंस आणि कोगनोळीकडून येणारे ट्रक बघत बसलास. तेव्हा मला वाटलं होतं, हा पोरगा चांगला डॉक्टर होणार.

असे किती झाले? सदतीस. बारावा नंबर आईचा. मग लॉकडाऊन लागला, वखार बंद, गल्लीच्या तोंडाला बांबू. तुझे सर म्हणत होते, एकशेवीसशिवाय प्रबंध घेणार नाही. मुदत काही वाढेना. यात तुझा दोष नव्हता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण दिवाळीनंतर तू माझ्याकडे पेनड्राइव्ह आणलास, आणि त्यात एकशेवीस बायका होत्या.

आता तू म्हणशील, आक्काला आकड्यातलं काय कळतं. ऐक. आपल्याकडच्या बाईला वय विचारलं तर ती काय सांगते? "असंल चाळीस." "पन्नास लिव की." मनुबाईनं तर "माज्या थोरल्याला इचार" म्हणून सांगितलं होतं. आधार कार्डावर आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायका एक जानेवारीला जन्मल्या आहेत. मी भरलेल्या सदतीस फॉर्मांवर वयं बघ: चाळीस, पन्नास, पन्नास, पंचेचाळीस, साठ, चाळीस. आणि अडतिसाव्या बाईचं वय त्रेचाळीस. एकोणचाळिसावी सत्तेचाळीस. मग एक्कावन्न, अडतीस, छप्पन्न. अडतिसाव्या नंबरापासून पुढे त्र्याऐंशी बायका, आणि सगळ्यांना आपापलं वय चोख ठाऊक! कुठल्या शाळेत गेल्या होत्या रे या? आण्णाप्पा सरांचा गणिताचा प्रबंध टाइप करताना सर एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, सुविधाताई, खरा आकडा ओबडधोबड असतो, खोटा फार नीटनेटका दिसतो. मला तेव्हा ते बोलण्यापुरतं वाटलं. तुझी यादी टाइप करताना कळलं.

आणि या त्र्याऐंशी जणी कशा धडधाकट! एकीलाही खोकला नाही, दम नाही. तू दुष्टपणानं केलं नाहीस, हेही मला माहीत आहे. पुस्तकात निरोगी बायकांचा तक्ता होता, तो थोडा वरखाली करून उतरवलास. आजारी बाई बनवायची तर तिला खोकला द्यावा लागतो, तो किती वर्षांचा ते ठरवावं लागतं. निरोगी बाई बनवायला काही लागत नाही. सदतिसांतल्या बावीस जणींची छाती गेलेली होती. त्या तुझ्या निरोगी बायकांच्या गर्दीत बुडाल्या. मग सरासरी काढली, सूत्र लावलं, आणि सूत्र बिचारं काय करणार, त्यानं सांगितलं की सगळं ठीक आहे. आईचा आकडा तू बदलला नाहीस, मी तपासून बघितलं. बाराव्या ओळीत तिच्या फुंकणीचा एकशेसाठ, निरोगी बाईच्या निम्म्याहूनही कमी, तसाच आहे. पण तो बारावा आकडा शोधायला कोर्टात कोण बसलंय?

तुझ्या त्या काळ्या बांधणीच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रबंधाचं आईनं काय केलंय ते ठाऊक आहे ना? बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर, निळ्या कापडात गुंडाळून ठेवलाय. तिला वाचता येत नाही. पण आल्यागेल्याला उघडून दाखवते आणि म्हणते, "ह्यात म्या हाय." लक्ष्मीबाईला, भरमूच्या आईला, सगळ्यांना दाखवून झालंय. रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शिलाला, खोटं न बोलण्याच्या, ती अजून आवाज चढवते. लहानपणी मी गूळ चोरून खाल्ला की तिथं आली की माझ्याकडे बघायची. तुझ्याकडे कधी बघावं लागलं नाही. तू खोटं बोलत नव्हतास म्हणून नव्हे, तुझं खोटं मी अंगावर घ्यायचे म्हणून.

इथं मला माझं लिहिलं पाहिजे. हे सगळं मला त्या मंगळवारी कळलं असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. सहा वर्षांपूर्वी, त्या दिवाळीनंतरच, अडतिसाव्या बाईच्या वयावर माझी बोटं थांबली होती. एकोणचाळिसावीवरही थांबली. चाळिसावीनंतर थांबली नाहीत. एकशेवीसपर्यंत मी टाइप करत गेले. वाटलं, आपल्या घरातला पहिला डॉक्टर, त्याच्या आड मी येऊ? वाटलं, कोण वाचतंय हे, कपाटात पडून राहील. टाइप केलेला एवढा मजकूर मी आयुष्यभर कपाटात जाताना बघितलाय. हा एकच बाहेर आला, आणि आईवर चालून आला. तेव्हा मला जेवढी चीड आली आहे, त्यातली निम्मी माझ्यावर आहे. पण निम्मीच. यंत्र तू धरलं होतंस, मनुबाईचा न हललेला काटा तू बघितला होतास.

भरलेले सदतीस फॉर्म माझ्याकडे आहेत. रद्दीत घालायला तू सांगितले होतेस, मी घातले नाहीत. बायकांचे अंगठे होते त्यावर, टाकवले नाहीत. प्रियदर्शनीला ते मी दिले आहेत. माझं प्रतिज्ञापत्रही झालं आहे. मीच टाइप केलं, आणि टाइप करताना खोटं दिसूनही गप्प राहिले, हे वाक्य त्यात माझ्याच हातानं घातलं. अठरा तारखेला साक्ष आहे. तुझी पदवी जाईल का, नोकरीवर येईल का, हे प्रियदर्शनीला मी विचारलं. ती म्हणाली, येऊ शकतं. मी खोटा धीर देणार नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि तरी मी साक्ष देणार आहे.

एवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं, तुला थेट समन्सच आलं असतं. मी ठरवलंही तसंच होतं. पण अठराला आई कोर्टात पुढच्या बाकावर बसणार, आणि मालकाचा वकील तुझं नाव घेऊन तुझा निष्कर्ष वाचणार. तिनं ते परक्याच्या तोंडून ऐकावं, हे मला सोसवेना. म्हणून गेल्या रविवारी मीच तिला सगळं सांगितलं. तिनं फळीवरचं पुस्तक काढलं, कापड सोडलं, माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि म्हणाली, "दाव, खोट्या बाया कुटनं चालू हुत्यात?" मी अडतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून हात फिरवला, त्यांची नावं काय म्हणून विचारलं. नावं नाहीत, नुसते नंबर आहेत, म्हटलं. बराच वेळ दम खात बसली. मग म्हणाली, "मग त्यास्नी म्हणावं, येऊन बसा माज्या जागंवर चाळायला. धडधाकट हायती न्हवं." मला वाटलं, आता तुझं नाव घरात निघायचं नाही. पण तिनं पुस्तक परत कापडात बांधलं, फळीवर ठेवलं आणि मला सांगितलं, "सुविधा, तू साक्ष दे. पर आदी त्येला चिट्टी लिव. लबाडी करताना त्येच्यासंगं तू हुतीस. खरं सांगताना बी त्यो एकटा पडाय न्हाय पायजे." प्रशिक, हे पत्र आईनं लिहायला लावलं आहे. अठरा तारीख, सकाळी अकरा. पहिल्या बाकावर भिंतीकडे ती बसेल, अलीकडे मी, आणि आमच्या मध्ये एक जागा मी पिशवी ठेवून धरणार आहे. मनुबाई येणार नाही, ती मागच्या पावसाळ्यात गेली. तुला कळवायचं राहून गेलं होतं.

खोट्यातही तुझीच होते, खऱ्यातही तुझीच,
सुविधाआक्का