दंवातला पाला

किनान्गोप,
१४ सप्टेंबर १९९३

चि. वाचेरा हिस,
आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी पोहोचले. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा थंडीत दुखतो. परंतु तो बहात्तर वर्षे वापरलेला गुडघा आहे, तेव्हा त्याच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. कोबी चांगला धरला आहे. वाम्बोई दोन्ही वेळा येऊन गाईंचे दूध काढते आणि दुधापेक्षा शब्द अधिक सांडते. तिने बाजारात तुझ्या नणंदेला काही सांगितले असल्याचे तू लिहितेस. जी बाई स्वतःच्या मुलांची वये दर वेळी वेगळी सांगते, तिच्या साक्षीवर तू विसंबावेस याचे मला नवल वाटते.

पाकिटात तुझ्या न्योकाबीचे माफीपत्र होते. बारा ओळींच्या पत्रात सात चुका आहेत. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या असून पत्र सोबत परत पाठवीत आहे. तिने शुद्ध प्रत करून माझ्याकडे धाडावी. नऊ वर्षांच्या मुलीला शुद्धलेखन कळू नये, हे तिच्या शाळेचे अपयश आहे, तसेच थोडे तुझेही. ‘चपाती, उजी आणि मांदाझी माझ्यामुळे मेले’ हे तिच्या तीन सशांविषयीचे वाक्य मात्र निर्दोष होते. त्यास मी हात लावलेला नाही.

तू लिहितेस की, ती ताटातल्या भाजीचे पान न् पान फ्रॉकला पुसते आणि मग न खाताच बाजूला ठेवते. वर्गात हात वर करीत नाही. शेजाऱ्यांच्या मांजरीलाही शिवत नाही. ‘बाबा, तिचा दोष नव्हता एवढी एकच ओळ तुमच्या हाताने लिहा, माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल,’ अशी तुझी विनंती आहे. वाचेरा, मी अडतीस वर्षे मुलांना शिकविले. खोटी ओळ लिहून मुलाचे समाधान करणारा शिक्षक मी नव्हतो आणि आजोबाही नाही.

सशांचा पाला कसा राखावा, याची पद्धत ठरलेली आहे आणि ती तिला ठाऊक होती. पाला दंव सुकल्यावर, दुपारी कापावा. कापल्यावर तो टाकीमागच्या सावलीत गोणपाटावर मोकळा पसरावा. ढीग करू नये, ढिगात तो आतून तापतो. पाने किंचित मलूल झाली की कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून टोपलीत घालावीत आणि टोपली कोठीत उंच टांगावी. असा पाला दुसऱ्या दिवशीही ताजा राहतो. गाजराचा पाला, सुकुमाची पालेभाजी आणि कोथिंबीर वेगवेगळी ठेवावी, कारण कोथिंबीर प्रथम काळी पडते आणि शेजारच्या पानांना बिघडविते. ओला पाला सशाला कधीही देऊ नये. त्याचे पोट फुगते आणि त्याला ढेकर देता येत नाही. हे सर्व ती सुट्टीभर करीत होती, हे मान्य. एक दिवस चुकली. एकच दिवस पुरतो.

त्या मंगळवारी मी घरी नव्हतो. दूध संस्थेची सभा होती. सकाळी लवकर निघालो तो दुपारी परतलो. न्योकाबी वाम्बोईबरोबर दूध घालायला गेली होती. परत आल्यावर तिने टोपलीतला पाला सशांना घातला. तिसऱ्या प्रहरी चपाती कोपऱ्यात पोक काढून बसला आणि दात खाऊ लागला. मग मांदाझी. उजीला मांडीवर घेऊन ती अंगणात फेऱ्या घालीत होती, त्याचे पोट चोळीत होती. पोट मृदंगासारखे वाजत होते. तिने मला विचारले, “गूका, पाला ओला होता का हो? मी दोनदा दाबून बघितला होता.”

मी म्हणालो, “दोनदा म्हणजे तीनदा नव्हे.”

तुला हे कठोर वाटेल. खड्डा तिनेच खणावा असा माझा आग्रह होता, तेही कठोर वाटेल. परंतु ससे तिचे होते. नावे तिने ठेवली होती. पाला पिंजऱ्याच्या जाळीशी नेताच तिन्ही एकमेकांना ढकलीत धावून येत. त्या सकाळीही उजीने नेहमीप्रमाणे गाजराच्या पाल्याचा देठ आधी ओढून घेतला होता. असा विश्वास टाकणाऱ्या जनावरांच्या बाबतीत हलगर्जीपणास क्षमा नसते, एवढे तिला आयुष्यभर पुरेल.

जावयांस नमस्कार. शुद्ध प्रतीची वाट पाहतो.

तुझा पिता,
गिथायगा


किनान्गोप,
३ ऑक्टोबर १९९३

चि. वाचेरा हिस.

तुझे पाकीट मिळाले. त्यात पत्र नव्हते. माझ्याच पत्राचे दुसरे पान होते आणि त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ होती: ‘त्या सकाळीही उजीने नेहमीप्रमाणे गाजराच्या पाल्याचा देठ आधी ओढून घेतला होता.’ समासात काही लिहिले नव्हतेस. तसे लिहिण्याची गरजही नव्हती. सभेला गेलेल्या माणसाने ते पाहिले कसे, हा प्रश्न मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारला असता.

सभा बुधवारी होती.

आता क्रमाने लिहितो. अर्धवट उत्तर मी कोणाकडून कधी स्वीकारले नाही.

आदल्या रविवारी किबाथी आला होता. माझा जुना विद्यार्थी; आता शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. चहा झाल्यावर मी त्याला ससे दाखवायला नेले. मोरीत धुऊन ठेवलेली सुकुमाची जुडी जाता जाता उचलली. मी ती जाळीतून आत सरकवणार, तोच न्योकाबी धावत आली आणि तिने ती माझ्या हातातून ओढून घेतली.

“गूका, ओला आहे तो! कितीदा सांगायचं? मरतील ना ते!”

किबाथी हसू लागला. “मास्तर, आता तुमचीच वही तपासणारी आली की!”

“तपासणारी कसली,” मी म्हणालो. “बायको आहे ही माझी. आधीचीच. गेली आणि लहान होऊन परत आली.”

“मग बरोबर आहे. नवऱ्याला बोलायचा हक्कच आहे तिला. काय गं, घरात पण अशीच ओरडतेस का यांच्यावर?”

तिने लाजून हसायला हवे होते. ती हसली नाही. जुडी झटकत म्हणाली, “आजी पण सांगायची यांना. हे ऐकतच नाहीत.”

वाम्बोई गोठ्याच्या दारात उभी होती. तीही हसली. किबाथीने जाताना फाटकापाशी तेच वाक्य माझ्या आवाजाची नक्कल करून त्याच्या चालकाला ऐकविले. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ज्याने मान वर केली नाही, त्याने.

सोमवारी मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आले नाही.

मंगळवारी सकाळी त्या दोघी दुधाचे कॅन घेऊन वळणाआड गेल्या, तेव्हा मी विळा घेऊन परसात गेलो. दंव इतके होते की, माझ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. गाजराचा पाला कापला, कोवळी सुकुमा कापली, तुझ्या आईने लावलेली कोथिंबीर मुळासकट उपटली. हातभर ढीग पिंजऱ्यात टाकला. उजीने देठ ओढला. उरलेले देठ मी वेचून कंपोस्टच्या खड्ड्यात पुरले आणि कोट चुलीपाशी वाळत घातला. वाम्बोईने तो कोट पाहिला. तिचे म्हणणे एवढेच आहे आणि ते खरे आहे.

न्योकाबीने नंतर घातलेला पाला कोरडा होता. तिने तो दोनदा दाबून पाहिला होता.

माझा हेतू काय होता, हे तू विचारशील. एकाचे पोट थोडे फुगावे, तिला रडू यावे आणि ‘गूका, आता काय करू?’ म्हणत तिने माझ्याकडे यावे. तशी ती आली. परंतु तोवर तिन्ही फुगले होते आणि मला उपाय ठाऊक नव्हता. उपाय तुझ्या आईला ठाऊक असे.

येथे मी थांबणार होतो. अज्ञानाने झाले, म्हाताऱ्याचा हट्ट झाला, असे तू समजली असतीस आणि कालांतराने मला माफही केले असतेस. पण तुझ्या आईला पाल्याची ही रीत कशी लागली, हे तू मला कधी विचारले नाहीस.

तू दोन वर्षांची असताना आमच्याकडे एक तांबडी कालवड होती. तुझ्या आईने माहेरून आणलेली. सकाळच्या ओल्या क्लोव्हरच्या चाऱ्यात कालवड बांधू नका, असे ती मला शाळेच्या दोन शिक्षकांसमोर म्हणाली. मी बांधली. दुपारी ती फुगून मेली. माझ्या वडिलांनी विचारले, कोणी बांधली? मी म्हणालो, हिने. त्या वर्षी मी तिला लिहायला शिकवीत होतो. तिने आयुष्यात लिहिलेले पहिले पूर्ण पत्र माझ्या वडिलांना होते, माफीचे. वडिलांना वाचता येत नव्हते. मीच ते मोठ्याने वाचून दाखविले. त्याआधी त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. त्या दिवसापासून मरेपर्यंत तिने एकेक पान सावलीत सुकवून मगच जनावरापुढे टाकले आणि मी ते रोज पाहत होतो.

म्हणजे मंगळवारी त्या पाल्यात उभा असताना दंव काय करते, हे मला या घरात सर्वांत आधीपासून ठाऊक होते.

न्योकाबीची शुद्ध प्रत तुझ्या पाकिटाच्या दोन दिवस आधी स्वतंत्रपणे आली. पत्ता तिने स्वतःच लिहिला होता. चूक एकही नाही. अक्षर गोल आणि सरळ आहे. ओळी मात्र फिकट आहेत. टाक दाबायलाही ती भीत असावी. ज्या पत्र्याच्या पेटीत मी तुझ्या आईचे ते पत्र ठेवले आहे, तिच्यातच हेही ठेवले. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींखाली एकच नाव आहे. आजीचे नाव नातीला देऊन तिला आजोबांची ‘बायको’ म्हणण्याच्या आपल्या रीतीने ते तिला मिळाले. त्याच्या वरचे बाकी सारे मी दिले.

तिला ‘बायको’ म्हणून मी पुन्हा हाक मारणार नाही. नाताळात तिला येथे पाठवू नकोस. पिंजरा मोडून त्याची फळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली आहे.

ती एक ओळ लिहिण्यासाठी मी गेल्या आठवड्यात सहा कागद घेतले. सहाही वेळा ‘न्योकाबी’ एवढे लिहून झाले आणि पुढे कोणत्या न्योकाबीला लिहितो आहे, ते ठरेना. म्हणून ती ओळ या पत्रात नाही. हे पत्र तुला आहे. तिला वाचून दाखवू नकोस, अशी माझी आज्ञा आहे.

तुझ्या आईने माझी एकही आज्ञा मोडली नाही.

तुझा पिता,
गिथायगा