रजेच्या जागेवर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझी नोकरी महिनाअखेरीस संपते आहे. ज्या बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत मी चौथीचा वर्ग घेते, त्यांचं बाळ छान बाळसं धरून आहे, सासूबाई सांभाळायला आल्या आहेत आणि बाई ठरल्या दिवशी रुजू होणार आहेत. शिक्षकखोलीत सगळ्यांना आनंद झाला. मीही करून घेतला.

ठमी तान्ही होती तेव्हापासून आमचा संसार हा असा लोकांच्या बाळंतपणांवर चालला आहे. गावात कुणाला दिवस गेले की मला नोकरी लागते. ठमीलाही आता यातली गोम कळली आहे. परवा जिन्यात तिने खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना विचारलं, की तुम्हाला बाळ कधी होणार, आमच्या आईला काम हवं आहे. बाईंनी नुकतीच साठी ओलांडली आहे. त्यांनी मनावर घेतलं नाही असं म्हणतात, पण माझे पडदे अजून शिवून आलेले नाहीत.

आता मुद्दा. मुलींच्या निवासी शाळेने मला बोलावलं आहे. पक्की नोकरी, पुढे पेन्शन, आजारपणाचा खर्च शाळेचा. अट एकच, की सोमवार ते शनिवार वसतिगृहात मुलींच्या मजल्यावर राहायचं. खोली एकटीपुरती. स्वतःचं मूल चालत नाही. मोठ्या बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मांजरही चालत नाही. म्हणजे ठमीला कुठेतरी ठेवावं लागणार. पंचवीस तारखेच्या आत काय ते कळवायचं आहे. तू काय म्हणतेस?

लोभ आहे तो टिकवावा. वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी म्हणते, डोळे मिटून हो म्हण. किती वर्षं दुसऱ्यांच्या खुर्च्या धरून बसणार? उद्या तूच अंथरुणाला खिळलीस तर तुझ्या जागी कोण येणार? मी पाणीपुरवठा कचेरीत तरुणपणी चिकटले ती अजून तिथेच आहे. मधे खुर्चीचा पाय बदलला, मी नाही. कंटाळा येतो का म्हणशील, तर येतो. पण महिन्याच्या एक तारखेला त्याचा पगार मिळतो.

आणि ठमीला कुठेतरी काय म्हणून? ती माझ्याकडे राहील. मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवलं आहे. खोलीला पिवळा रंग दिला. रंगाऱ्याने विचारलं पाहुणे येणार आहेत का, तर मी त्याला सांगितलं की कामाकडे लक्ष दे. पलंग मोठाच घेतला, म्हणजे कॉलेजपर्यंत बघायला नको. कोपऱ्यावरच्या शाळेतही विचारून ठेवलं आहे. यात माझा स्वार्थ काही नाही. खोली रिकामीच होती.

तब्येतीला जप. आशीर्वाद नेहमीचेच, पण ताजे.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रंग पिवळाच का, ते मी विचारत नाही. ठमीला मावशीच्या पिवळ्या खोलीचं सांगितलं, ती खूश झाली.

पक्केपणाचं म्हणशील तर जन्मात एकाच पक्क्या कागदावर मी सही केली, ती लग्नाच्या. साक्षीदार होते, शिक्का होता. ठमीचे बाबा राजीनामाही न देता निघून गेले. तरी तुझं म्हणणं पटतं. गेल्या आठवड्यात ठमीला ताप होता. वर्ग बुडवला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. मी तिला शिक्षकखोलीच्या बाकावर झोपवलं आणि पलीकडे शुद्धलेखन घेतलं. वह्या तपासताना मला अक्षरं दिसेनात. रडत होते, दुसरं काय. वर्गातल्या एकीने मला रुमाल आणून दिला आणि तुम्हाला रडवलं त्याचं नाव फळ्यावर लिहू का असं विचारलं.

तेव्हा हो म्हणायचं माझं जवळजवळ ठरलं आहे. त्याआधी रंगीत तालीम म्हणून ठमीची शाळा बुडवून तिला आठवडाभर तुझ्याकडे पाठवते. शेजारची नर्स तिकडेच येते आहे, ती सोडेल. ठमीला सगळं सांगितलेलं नाही. मावशीकडे एक जागा रिकामी आहे, तिथे काही दिवस राहायचं, एवढंच म्हणाले. किती दिवस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बघू.

वांगं तिला दिसूही देऊ नकोस, घर डोक्यावर घेते. झोपताना दार किलकिलं ठेव. आणि माया कर, पण एकदम सगळी नको.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ठमी खुशाल आहे. गुणी आहे. इतकी गुणी आहे की मला धास्ती वाटायला लागली आहे.

तिने वांगं खाल्लं. तुझं पत्र विसरून मी करून बसले होते, तिने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. पेला विसळून पालथा ठेवते. कपाट रिकामं करून दिलं आहे, तरी कपडे पिशवीतच. सकाळी चादर अशी घालते की रात्री तिथे कुणी झोपलं होतं हे सांगून खरं वाटू नये. रंगीत पेन्सिली आणल्या, त्यांना हात लावत नाही. तुझ्याच आहेत म्हटलं, तर बरं म्हणाली आणि डबा सरळ करून ठेवला. हे कुणी शिकवलं, असं विचारलं. म्हणाली, आई सांगते, दुसऱ्या बाईंच्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, म्हणजे त्या परत आल्यावर त्यांना वाईट वाटत नाही.

काल संध्याकाळी भाजी निवडत होते, तर जवळ येऊन बसली आणि विचारलं, की मावशी, तुझी मुलगी रजेवरून कधी येणार आहे? मी म्हटलं, मला मुलगी नाही गं. तिने समजूतदारपणे मान डोलावली. म्हणाली, आली की तिला सांग, मी काही मोडलेलं नाही.

मला पुढे भाजी निवडवेना. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. पाणीपुरवठ्यात नोकरी करून एवढं पाणी मी आजवर वाया घालवलं नव्हतं.

तेव्हा नाही म्हण. मला ती हवी आहे, खोटं कशाला बोलू. खोली रिकामी होती म्हणून कुणी पिवळा रंग देत नाही. पण तू तिला इथे ठेवून गेलीस तर ती जन्मभर चादर नीट घालत बसेल आणि मला ते बघवणार नाही.

राहता राहिला पक्केपणा. आपल्या दोघींत मिळून एक पक्की नोकरी आहे, ती माझी. ती दोघींना नाही, तिघींना पुरेल. तुला काम नसेल तेव्हा मी आहे. ठमीला ताप आला तर मला कळव, मी येईन. माझी रजा इतकी साठली आहे की साहेबांना त्यात काहीतरी घोटाळा वाटतो. आभार मानू नकोस, मला उत्तर सुचत नाही.

तुझी ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल नकार कळवला. मोठ्या बाईंनी कारण विचारलं. आम्हाला मांजर पाळायचं आहे, असं सांगितलं.

भीती वाटते. मार्चचं काही ठरलेलं नाही. तिसरीच्या बाई हल्ली डबा उघडला की तोंड फिरवतात, पण त्या काही बोललेल्या नाहीत आणि मी विचारणं बरं दिसणार नाही. ठमीनेही विचारू नये म्हणून तिला आवरते आहे. तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. तू बजावलं आहेस म्हणून आभार मानत नाही.

ठमी परत आल्यावर तिला नीट समजावलं, की मावशीला मुलगी नाही, कधीच नव्हती, ती खोली कुणाचीच नाही. मग तिने विचारलं, की ती मुलगी येणारच नसेल, तर ती जागा आपल्याला कायमची मिळेल का, इथली न सोडता? मी म्हटलं, एकीला दोन पक्क्या जागा देत नाहीत, पण तिकडचं सगळं मावशीच्या हातात असतं. मिळेल, असं तिने स्वतःच ठरवलं आहे.

लोभ दोघींवर असू द्यावा. सुट्टी लागली की येतो. ठमीने एक निरोप द्यायला सांगितला आहे, की या वेळी ती वांगं खाणार नाही.

तुझी धाकटी