भिंतीवरची कांतामावशी

माह्या कांतामावशीले,

उद्या अंगणवाडीत शरीराचा पाठ हाये. तू गेल्यापासून पहिलाच. दोन महिने मी तो टाळला. कधी रंग घेतले, कधी फळभाज्या घेतल्या. उद्या मातायची सभा हाये अन् सुपरवायझर बाईनं सांगितलं, शरीरच घ्या, बायायलेही दाखवा. पोरं आताच घरी गेली. खिचडीचं गंज घासलं, अन् तुह्या पाटावर बसून हे लिहून राह्यली. रजिस्टरातली भाषा लिहिली तं तू हसशील, म्हणून आपण बोलायचो तसंच लिहिते.

तुह्या जागी मदतनीस अजून आली नाही, खिचडी मीच करते, अन् रोज बुडाले लागते वं माह्या हातानं. पोरं काही म्हणत नाहीत, गुपचूप खातात. तेच जास्त लागते मनाले.

आठवते का तो कागदाचा दिवस? जुन्या कॅलेंडरायची पानं आपण मैद्याच्या खळीनं जोडली, माणसाच्या उंचीचा कागद केला, अन् त्यावर एखाद्या पोराले निजवून त्याचा आकार काढायचा होता. गुड्डू तीनदा निजला अन् तीनदा उठून पळाला. मंग तूच पदर खोचला अन् आडवी झाली! म्हणाली, "काढा वं माहं चित्र, फक्त कमरीले लय रुंद नका दाखवू."

शिफानं कोळशानं रेघ मारली. पाच वर्षाची पोर, जीभ बाहेर काढून, अशी मन लावून. कमरीपाशी आली अन् तुले गुदगुल्या झाल्या. तू हासली, रेघ तिथी वाकडी झाली. मी पुसायले निघाली तं तू म्हणाली, राहू दे, माणूस हासलं तं वाकडंच होते.

मंग कागद भिंतीले लावला अन् आपण तुह्या आंगात एकेक भरत गेलो. तुरीच्या काड्यायची हाडं. दोन फुग्यायची फुप्फुसं. आतड्यायले परकराचा जुना नाडा. जठर म्हणून कापडाची लहान थैली शिवली, तोंड उघडं ठेवलं, म्हणजे पोरायले त्यात घास टाकता येईन. अन् हृदय लाल खणाचं, आत तुह्याच वावरातला कापूस. ते बटणानं लावायचं. कुठी लावायचं ते मी शंभरदा शिकवलं असन. डाव्या हाताले, छातीत. पोरं चुकली की तू दारातून पळी दाखवून सांगायची.

चौथी शिकलेली बाई तू. पोरायसंग तूही शिकत होती, हे मले उशिरा कळलं. नळावर बायायले सांगायची म्हणे, मले आंगातलं सारं माहीत हाये, मॅडमनं शिकवलं. चार लोकायत तू मले मॅडम म्हणायची, अन् एकटी असली की पोरी! हे ऐकून मी किती फुगली होती, मावशी.

तू गेली त्या मंगळवारचं आजवर कोणालेच सांगितलं नाही. तुलेच सांगते. तुले तं माहीतच हाये, पण माह्या तोंडून ऐक.

अकरा वाजले होते. मी मोबाइलवर पोरायच्या हजेरीचे फोटो टाकून राह्यली होती, अन् रेंज जाऊन येऊन करत होती. तू चुलीजवळ खाली बसली. कपाळाले घाम. मले वाटलं, चुलीचा असन. तू म्हणाली, दाढाही ठणकून राह्यल्या सकाळपासून. मी विचारलं, हे खरं हाये मावशी, मी विचारलं होतं, छातीत दुखते का?

तू उठली. भिंतीपाशी गेली. तुह्याच चित्रावर बोट ठेवलं, बेंबीच्या वर, थैलीवर. अन् म्हणाली, "छातीत नाही वं पोरी. हे पाह्य, इथी दुखते. इथी तं तू जठर लावलं."

अन् मले बरं वाटलं! तू बरोबर ओळखलं म्हणून मनातल्या मनात शाबासकी दिली मी तुले. ओवा अन् काळं मीठ दिलं. म्हटलं, घरी जाऊन पड, खिचडी मी पाहते. तू पायऱ्या उतरताना एकदा थांबली होती, कठड्याले धरून. मी पाह्यलं. पण फोटो चढत होता, म्हणून उठली नाही.

तीन वाजता तुही सून संगीता पळत आली. मेहकरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू बोलायची थांबली होती. डॉक्टरनं विचारलं, कधीपासून दुखत होतं? मी म्हटलं, अकरापासून, पण पोटात, छातीत नाही. तो पोरगेला डॉक्टर रागावला नाही. हळू आवाजात म्हणाला की हृदयाचं दुखणं बायायले पुष्कळदा असंच येते. पोटाच्या वर, पाठीत, जबड्यात, दंडात. लोक ॲसिडिटी समजून घरी बसतात.

जबड्यात, मावशी! दाढा ठणकतात म्हणून तू सांगितलं होतं मले.

मी हृदय जागेवर लावायले शिकवलं, अन् दुखणं जागेवर राहत नाही हे मलेच माहीत नव्हतं. तू एवढा भरवसा काऊन ठेवला माह्यावर? जरा भांडली असती. म्हणाली असती, तुह्या चित्राले आग लागो, मले भेव वाटून राह्यलं, गाडी बोलाव. गुड्डूले ठेच लागली तं आख्खं गाव गोळा करायची तू, अन् स्वतःच्या वक्ताले ओव्याची चिमूट घेऊन गुमान चालली गेली. याचा राग येते मले तुह्यावर. कोणावर काढू आता?

तेराव्याच्या दिवशी संगीतानं मले बाजूले घेतलं. डोळे सुजलेले. म्हणे, मॅडम, माय सकाळी तुमच्यासंग होती, काही म्हणली का? काही दुखते म्हणून? मी म्हटलं, नाही. एवढंच. तिनं मान हलवली. तवापासून ती सांगत फिरते की माह्या सासूनं शेवटपर्यंत कोणाले कळूच दिलं नाही, मीच लक्ष द्यायले पाह्यजे होतं. माहं पाप ती बाई आपल्या डोक्यावर घेऊन हिंडून राह्यली अन् मी रोज तिच्या दारावरून जाते.

मागच्या आठवड्यात भिंतीले मुंग्या लागल्या. पाहते तं तुही थैली खिचडीनं भरलेली! शिफा अन् गुड्डू रोज आपल्या ताटातला एकेक घास तुह्या पोटात टाकत होते. मी थैली रिकामी केली, धुतली, अन् कागदच उतरवायले लागली. खरं सांगते, मुंग्यायचं निमित्त होतं. मले तुह्याकडं पाहवत नव्हतं. पोरायनं असा आकांत केला की शेजारची बाई पळत आली. शिफा माह्या पदराले धरून म्हणे, "बाई, मावशीले नका नेऊ."

नाही उतरवला. थैली वाळवून पुन्हा लावली.

आज मी लाल लोकर आणली जानेफळच्या बाजारातून. आता हे लिहायच्या आधी बसून लावली. हृदयाच्या बटणापासून एक धागा डाव्या दंडापर्यंत. एक जबड्यापर्यंत. एक खांद्यावरून मागं पाठीले. अन् शेवटचा खाली, थैलीच्या वर, जिथी तू बोट ठेवलं होतं तिथी. गाठ दोनदा सुटली. तो धागा तुह्या त्या हासलेल्या वाकड्या रेघेजवळून जाते.

पोरायले उद्या पहिल्यासारखंच शिकवीन, हृदय कुठी, जठर कुठी. मंग त्यायच्या मायायले हे धागे दाखवीन. घाम आला, जीव घाबरला, अन् यातल्या कोणत्याही जागी दुखलं, तं ओवा नाही, गाडी. दर सभेले दाखवीन. जोवर या खोलीत माही नोकरी हाये तोवर तू या भिंतीवरून उतरणार नाही.

संगीताही येणार हाये, धाकट्या पोराले घेऊन. मी स्वतः बोलावलं. सगळ्यायच्या समोर तिले सांगीन, तू मले विचारलं होतं अन् मी खोटं बोलली. ती मले काहीही म्हणो. तोंड पाहणार नाही म्हणाली, तरी ऐकून घेईन. माय म्हणली होती, संगीता. अकरा वाजता, याच भिंतीवर बोट ठेवून, मलेच म्हणली होती.

तुही पोर,
चार लोकायतली मॅडम,
वर्षा