नऊ गुणांची सूट

प्रिय भारत,

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. समोर बसून बोललो असतो, तर तू नेहमीसारखं हसून अर्ध्यात तोडलं असतंस, म्हणून लिहितोय. हात फार थरथरतो आता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुढच्या वर्षी स्ट्रायकर धरता येईल याची खात्री नाही. म्हणजे घाटंजीची ही माझी शेवटची कॅरम स्पर्धा. सतरा वर्षं खेळलो आणि घरात एक कप नाही, हे तुला माहीत आहे. का नाही, ते माहीत नाही.

गुणांच्या सुटीची यादी इतकी वर्षं मीच करायचो. पंचवीसचा गेम, कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच काही गुण द्यायचे, म्हणजे पक्क्याशी जरा बरोबरीचं होतं. फकिरा टेलरला डोळ्यांमुळे पाच, कुणाला तीन, कुणाला दोन. सहाच्या वर कधी कुणाला दिले नव्हते. तुला मी नऊ दिले. लोक कुरकुरले, पण थ्रेशरमध्ये गेलेली तुझी दोन बोटं सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे मोठ्यानं कुणी बोललं नाही.

खरं सांगायचं तर नऊंनीही तुझं भागलं नसतं. डाव्या हातानं खेळायला लागलास तेव्हा तुझा स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडून पावडरच्या डब्यावर आदळायचा. आणि त्याच्या आधीचे चार महिने आठव. भिंतीकडे तोंड करून पडून असायचास, सोयाबीन शेतात उभं राहिलं तरी उठला नाहीस. प्रेरणावहिनी माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, यायले कायतरी जिंकू द्या. नाहीतर हा मानूस माह्या हातचा जाते." एवढं बोलून पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना शब्द दिला.

तर जाहीर सूट नऊ गुणांची होती. उरलेली मी घरोघर फिरून गोळा केली. फकिरानं लगेच मान हलवली. दुसऱ्या डावात अगदी भोकाच्या तोंडावरची राणी त्यानं कशी सोडली, याचं तुला नवल वाटलं होतं. तू महिनाभर तो किस्सा सांगत फिरलास. गुलाबसिंग मात्र आधी भडकला. तांड्यावरून रोज मोटारसायकलनं यायचा बिचारा, पोरीला कप आणतो म्हणून सांगून आलेला. मी त्याच्या ओट्यावर तासभर बसलो, तेव्हा कुठे म्हणाला, "हारतो मी. पन त्याले सांगू नोको." नंतर फकिरानं त्याला छेडलं, तर तुझी शपथ घेऊन म्हणाला, भारतनं मला खेळून हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वर्षी फायनलला तुझ्यासमोर मी होतो. मी एकवीस, तू चोवीस; माझी शेवटची गोटी सरळ होती, आणि राणीही माझीच, कव्हरसकट. मी गोटी हळूच कडेला लावली. तू उडी मारून मला मिठी मारलीस. तुझे तीन कप असे आले आहेत, भारत. शाळेतल्या पोरांना तू जिद्दीवर भाषण दिलंस, तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा मीच होतो, आणि मला खरोखर आनंद झाला होता.

यंदा तू समितीचा अध्यक्ष झालास. मी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी सूट मागितली, तीही चार गुणांची. तू भर सभेत म्हणालास, "सूट घेऊन जिंकनं म्हणजे भीक मांगनं होय बाप्पा. म्या माही सूट सोडली, तूही सोड." हॉल हसला. फकिरा आणि गुलाबसिंग हसले नाहीत. दोघे माझ्याकडे पाहत होते, मी आता तोंड उघडतो की काय म्हणून. मी खाली पाहिलं. इतका राग मला माझ्या सख्ख्या भावाचाही कधी आला नव्हता.

त्यानंतर तू सुटीशिवाय फायनलला पोचलास. सेमीफायनलला गुलाबसिंगला पंचवीस-एकोणीसनं हरवलंस. यंदा मी कुणाच्याही दारात गेलो नाही, पण हे मी आता कितीही सांगितलं तरी तुझा विश्वास बसणार नाही. गुलाबसिंगला विचार. तो शपथ घेऊन सांगेल. तेव्हाही त्यानं घेतलीच होती. वहिनींनाही विचारून बघ, त्या काय सांगतात ते.

हे पत्र आज, रविवारी सकाळी, तुझ्या फाटकातल्या पेपरात मी स्वतः खोचून ठेवतो आहे. दुपारी चारला फायनल आहे आणि तुझ्यासमोर मी आहे, कापऱ्या हाताचा. राणीवर नेम धरशील तेव्हा समोरचा मुद्दाम सोडतोय का, हे तुला माझ्या तोंडाकडे बघून ओळखावं लागेल, आणि ते तुला तीन वर्षांत एकदाही ओळखता आलेलं नाही. मी चार गुण मागितले होते. तू दिले नाहीस, म्हणून माझे मी घेतले.

चारच्या आधीच खुर्चीवर येऊन बसणारा,
तुझाच
सुनील